पंडिता रमाबाई : विद्वत्तेकडून विनयाकडे

आपल्या कल्याणात वाढलेल्या जोशांच्या यमूची गोष्ट ठाऊक नाही अशी भगिनी आपल्या मंडळात सापडणार नाही. लग्नानंतर ती आनंदीबाई झाली, समुद्र ओलांडून अमेरिकेस गेली आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. त्या समारंभाला आणखी एक मराठी बाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातल्या. लहानग्या मुलीला घेऊन एकट्याने प्रवास करीत, आपल्या मुलखातली एक मुलगी पदवी घेते आहे हे डोळ्यांनी पाहावे म्हणून त्या आल्या. त्याच पंडिता रमाबाई.

दोघींनीही एकाच वर्षी, १८८३ साली, हा देश सोडला. आनंदीबाईंनी निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत उघड सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. तो शब्द त्यांनी पाळला. रमाबाईंनी मात्र त्याच वर्षी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. तरीही त्या दिवशी फिलाडेल्फियात दोघी एकमेकींना भेटल्या त्या आपलेपणाने. पुढे रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्यात आनंदीबाईंचे छायाचित्र छापले. आनंदीबाई मात्र ते पाहायला फार दिवस राहिल्या नाहीत. १८८७ च्या फेब्रुवारीत त्या पुण्यास वारल्या.

आनंदीबाईंवर आपण पुष्कळ ऐकले आणि वाचले आहे. रमाबाईंचे नाव घेतले की मात्र बायकांत अजूनही थोडी चुळबुळ होते. त्या थोर होत्या, विधवांसाठी त्यांनी केले ते कोणी केले नाही, हे सगळ्याच म्हणतात, आणि लगेच पुढे, पण त्यांनी धर्म बदलला ना, असे कोणीतरी हळूच म्हणते. या लेखात त्यांच्या संस्थांची जंत्री द्यायची नाही. त्यांनी एक ग्रंथ हाती घेतला, तो जवळजवळ चाळीस वर्षे वाचला आणि त्या वाचनाने त्यांच्यात काय पालट होत गेला, तेवढेच सांगायचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या दाट रानात, गंगामूळ येथे. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. त्या काळी बायकोला संस्कृत शिकवणे म्हणजे अनर्थच. शास्त्रीबुवांनी तो केला आणि त्यापायी पंडितांशी वाद घातला. त्या लक्ष्मीबाईंनी पुढे पहाटेच्या अंधारात मांडीवर बसवून रमेला श्लोक पाठ करविले. लक्ष्मीबाईंना दिवसा घरकामातून उसंत मिळत नसे म्हणून पहाट. कळू लागण्याच्या वयातच भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या जिभेवर खेळू लागले.

हे कुटुंब एका जागी राहिलेच नाही. या क्षेत्रातून त्या क्षेत्रात, देवळात किंवा नदीकाठी बसून पुराण सांगायचे आणि लोक जे पदरात टाकतील त्यावर गुजराण करायची. पुराण संस्कृतात वाचले जाई. ऐकणाऱ्यांना त्यातले किती कळे, हा प्रश्न कोणी विचारत नसे. कानावर पडले की पुण्य लागते अशी समजूत. आपल्याकडे चातुर्मासात पोथी लावतात तेव्हा मागे बसलेल्या बायका वाती वळीत असतात, तसेच ते. रमाबाईंनी पुढे आपल्या आत्मनिवेदनात या गोष्टीचा उल्लेख केला आहे. समोरच्याला न कळणारे वाचून आपण पोट भरले, ही खूण त्यांच्या मनात कुठेतरी राहिली असावी. त्यांच्या शेवटच्या वीस वर्षांचे काम पाहिले की मला तरी तसे वाटते.

पुढे दुष्काळ आला. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. राहिले रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी देश पालथा घातला. अर्धपोटी, कधी उपाशी, थंडीत वाळूचा खड्डा करून त्यात अंग पुरून रात्र काढीत ती भावंडे १८७८ साली कलकत्त्यास पोचली. तेथे या वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृत ऐकून पंडित मंडळी थक्क झाली. तिला पंडिता आणि सरस्वती अशा दोन पदव्या मिळाल्या. हिंदुस्थानभर नाव झाले.

पदव्या मिळाल्या खऱ्या, पण मनाची शांती काही आली नाही. स्त्रियांपुढे व्याख्याने द्यायची म्हणून त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने वाचू लागल्या. त्यांना दिसले ते असे की शास्त्रकारांचे आपसांत शेकडो बाबतींत पटत नाही, पण स्त्रिया व शूद्र यांना कमी लेखण्यात त्यांचे एकमत आहे. वेदाचा अधिकार नाही, स्वतंत्र मोक्षाची वाट नाही. केशवचंद्र सेनांनी त्यांच्या हाती वेदाची प्रत दिली तेव्हा आपण हे वाचावे की नाही, याचाच त्यांना संकोच झाला. इतकी विदुषी, आणि आपल्याच धर्मग्रंथाच्या उंबरठ्यावर अडखळलेली.

१८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामातील सिल्चरला दोघांचा संसार झाला तो दीड-पावणेदोन वर्षांचा. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबू गेले. सिल्चरच्या त्या घरात पतीच्या पुस्तकांत रमाबाईंना बंगालीतले एक लहानसे पुस्तक सापडले होते. ते लूकचे शुभवर्तमान. कलकत्त्यास असताना ख्रिस्ती मंडळींनी त्यांना बायबलचे संस्कृत भाषांतरही दिले होते, पण ती भाषा त्यांच्यासारख्या संस्कृतज्ञ बाईलाही अगम्य वाटली. ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लूकचे शुभवर्तमान मात्र कळले आणि आवडलेही.

वैधव्य आल्यावर त्या तान्ह्या मुलीसह पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. आणि १८८३ साली डॉक्टरी शिकण्याच्या इच्छेने इंग्लंडला गेल्या. डॉक्टरी शिकणे नशिबी नव्हते, कारण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत होते.

वाँटेज येथील भगिनींच्या मठात त्या उतरल्या. त्या भगिनींनी त्यांना एकदा लंडनमधील फुलहॅम येथील आपले घर दाखवायला नेले. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांना तेथे आश्रय होता. अशा बायकांना कोणी पोटाशी धरते, त्यांची सेवा करते, हे रमाबाईंनी यापूर्वी कोठेच पाहिले नव्हते. आपल्याकडे तशी बाई दिसली तर सावली पडू देत नसत. त्यांनी भगिनींना विचारले, हे तुम्ही का करता? उत्तर म्हणून एकीने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडून वाचला.

तो अध्याय आपल्यातील ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण रमाबाईंच्या आयुष्याचा काटा येथेच फिरला. भर दुपारी येशू एका विहिरीपाशी थकून बसला आहे. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी लोक शोमरोन्यांशी व्यवहार ठेवीत नसत. बाईची पाच लग्ने झालेली, आणि आता ज्याच्याबरोबर राहते तो तिचा नवरा नव्हे. भर उन्हात एकटी पाण्याला येते, म्हणजे गावच्या बायकांत तिला जागा नसावी. तिच्याकडे हा परका पुरुष पाणी मागतो. तीच दचकते, की तू माझ्या हातचे पाणी कसे मागतोस! मग दोघांचे बोलणे होते ते देवाच्या भक्तीविषयी. या डोंगरावर करावी की त्या नगरात, असे ती विचारते आणि खऱ्या भक्तीला जागेचे बंधन नाही असे उत्तर तिला मिळते.

पाणवठा म्हणजे काय, कोणाच्या घड्याला कोणाचा हात चालत नाही, हे मराठी बाईला कोणी समजावून सांगायला नको. इंग्रज भगिनींना ती गोष्ट दयेची वाटली असेल. रमाबाईंनी ती विटाळाची गोष्ट म्हणूनही वाचली असणार, असे मी समजते. आणि त्यात आणखी एक होते. ज्या ज्ञानाचा अधिकार स्त्रीला नाही म्हणून शास्त्रे सांगत होती, तेच ज्ञान येथे विहिरीवर, एका कलंकित बाईशी, उघड्यावर बोलले जात होते. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

येथे गोष्ट संपली असे ख्रिस्ती चरित्रकारांना वाटते आणि येथेच बिघडली असे इतरांना. माझ्या मते ती येथे नुसती सुरू झाली. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंचा मठातील गुरुभगिनी जेराल्डीन यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. ती पत्रे १९७७ साली छापली गेली. त्यात रमाबाई पदोपदी भांडताना दिसतात. त्रैक्याचे तत्त्व त्यांना पटेना. चर्चने सांगितले म्हणून मानायचे, हे तर मुळीच पटेना. आपण ब्राह्मणांचे जू नुकतेच उतरवले, आता दुसऱ्यांचे घेणार नाही, असा त्यांचा रोख. मांस-मच्छी त्या खात नसत, तेही काहींना खुपले. क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये होती. ती संस्कृतात का नसावीत, लॅटिन का अधिक पवित्र, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या शिकत व संस्कृत शिकवीत असताना तरुण पुरुषांना शिकवण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली, आणि या बाईंनी बिशपांनाही जुमानले नाही.

मठातल्या भगिनींना हा सारा अहंकार वाटला. विनय शिक, असे त्यांनी परोपरीने सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता आणि रमाबाईंच्या बोलण्याला धार होती हेही खरे. पण माणसापुढे मान तुकवणे हा एक विनय आणि सत्यापुढे तुकवणे हा दुसरा. पहिला त्यांना कधीच जमला नाही आणि न जमला ते बरेच झाले, नाहीतर शारदा सदन उभे राहिले नसते. दुसऱ्याची वाट मात्र त्यांना लांबून चालावी लागली.

अमेरिकेत तीन वर्षे हिंडून, व्याख्याने देऊन त्यांनी विधवांच्या शाळेसाठी मदत जमविली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीवर शारदा सदन निघाले. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. याच सदनातली गोदूबाई ही विद्यार्थिनी पुढे अण्णासाहेब कर्व्यांची पत्नी झाली.

आणि नेमके याच भरभराटीच्या काळात, १८९१ च्या सुमारास, त्यांना कळले की आपल्या हाती काहीतरी लागलेले नाही. हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे प्रवचने करणाऱ्या या गृहस्थाला आपण स्वतः कोरडेच आहोत, हे उशिरा उमगले होते. रमाबाईंनी ते वाचून स्वतःकडे पाहिले. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा धनी ख्रिस्त अजून सापडला नाही, असा त्यांनी स्वतःवर निकाल दिला. आठ वर्षे त्यांनी बायबल पंडितासारखे वाचले होते. मते तपासली, मुद्दे खोडले, मुद्दे मानले. आता त्या ते गरजवंतासारखे वाचू लागल्या. आपली विद्या, आपले नाव, आपले उपकार यांच्या बळावर देवाच्या दारी जाता येत नाही, रिकाम्या हातांनीच जावे लागते, हे त्यांना त्या वाचनात सापडले. ज्या बाईला कलकत्त्याच्या पंडितांनी सरस्वती म्हटले, तिने हे लिहून ठेवावे याला मोठे धैर्य लागते.

आपल्या कल्याणाशी बालपणी संबंध आलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांच्याही हाती याच सुमारास, १८९३ साली, आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियनाने नवा करार ठेवला. डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते थबकले. पुढे त्यांच्या तोंडून अभंग निघाले. ग्रंथ एकच, पण कवीने तो गायिला आणि पंडिताबाईंनी तो कष्टून उकलला.

पण १८९३ हे साल पुण्याला आठवते ते वेगळ्या कारणाने. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत, बायबल वाचीत, आणि दार उघडे ठेवीत. मुलींना बोलावीत नसत, अडवीतही नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. काहींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे वळला. केसरीने झोड उठवली, न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले, पालकांनी वीसहून अधिक मुली काढून नेल्या. या वादात मला दोन्ही बाजूंचे दुःख दिसते. शाळेत धर्म शिकवला जाणार नाही या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या, त्यांना फसवणूक वाटली तर नवल नाही. पण दार लावून देवाचे नाव घ्या, असे स्वतःच्या घरात कोणाला सांगायचे? आणि ज्या मुली काढून नेल्या, त्यांच्यापैकी किती जणींचे केस पुन्हा उतरले असतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाईंना आपले आईवडील आठवले. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचा कहर, नव्या माणसांना बंदी. म्हणून त्या सगळ्या मुलींना त्यांनी केडगावच्या आपल्या शेतावर नेले. तेच मुक्तिसदन. कल्याणहून सोलापूरच्या बाजूला जाताना पुणे सोडले की दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. पुढे १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर येथे दोन हजारांच्या घरात बायका-मुली झाल्या. शेती, विणकाम, दूधदुभते, छापखाना, सगळे बायकांच्या हाती. आंधळ्या मुलींना वाचायला शिकवण्याचे काम मनोरमाबाईंनी उभे केले. आणि वाट चुकलेल्या बायकांसाठी एक वेगळे घर निघाले, त्याचे नाव कृपासदन. फुलहॅममध्ये ऐकलेला अध्याय वीसेक वर्षांनी असा मराठी मातीत उतरला.

१९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची मोठी लाट आली, ती जगभर गाजली. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून मोठी वाटते ती त्याच सुमारास सुरू झालेली एक मुकी खटपट.

मराठीत बायबल होते. मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ते केले होते. पण त्याची भाषा संस्कृत वळणाची, शिकलेल्यांची. केडगावात दुष्काळातून उचलून आणलेल्या, कुणबी, धनगर, महार, भिल्ल अशा नाना जातींच्या मुलींना ते वाचून दाखवले की त्या गप्प बसत. रमाबाईंना हे नवे नव्हते. लहानपणी देवळाच्या ओट्यावर अशीच माणसे गप्प बसलेली त्यांनी पाहिली होती. तेव्हा वाचणारी तीच होती.

मग पंचेचाळिशी उलटलेल्या या बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतले. मूळ भाषांतून सरळ, जात्यावर बसणाऱ्या बाईला कळेल अशा मराठीत, सबंध बायबल एकटीने उतरवायचे असा पण. दोन हजार माणसांची चूल सांभाळून, ऐकू येणे जवळजवळ बंद झालेले असताना, हे काम सतरा-अठरा वर्षे चालले. सबंध बायबल एकट्या स्त्रीने भाषांतरित केल्याची उदाहरणे जगात बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अमेरिकेत ज्यूलिया स्मिथबाईंनी इंग्रजीत केले ते १८७६ साली छापले गेले. रमाबाईंच्या भाषांतरात शब्दाला शब्द ठेवण्याच्या हट्टामुळे वाक्य कधी अवघडते, असे जाणकार म्हणतात, आणि ते खरे आहे. पण या हट्टामागे काय होते ते पाहावे. संस्कृत ही त्यांची श्रीमंती. एक सुंदर तत्सम शब्द टाकला असता तर वाक्य झुलले असते. तो जिभेवर आलेला शब्द त्या परत गिळीत आणि साधा शब्द शोधीत बसत. सतरा-अठरा वर्षे त्या रोज थोडी पंडिताई खाली ठेवीत होत्या.

१९१९ साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, चाळिशीच्या. ज्या लेकीच्या हाती सारे सोपवायचे तीच पुढे गेली. रमाबाई पुन्हा कामाला बसल्या, कारण शेवटची मुद्रिते तपासायची राहिली होती. ती तपासून झाली आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे, झोपेतच त्यांचा अंत झाला.

छापखाना थांबला नाही. फर्मे चढत राहिले, बांधणी होत राहिली आणि १९२४ साली संपूर्ण बायबल बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, यंत्रावर कागद घालणाऱ्या, पाने शिवणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका होत्या. त्यांतल्या कित्येकींनी आयुष्यातले पहिले अक्षर केडगावातच पाहिले होते.